तापाच्या रकान्यातले ठिपके

माझं अक्षर फार सुंदर आहे. माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून ते आधी सांगून टाकतो. पुढे जे येणार आहे त्यात माझी काही शोभा नाही.

मी हरिहर टिपणीस, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मुक्काम ठाणे. सध्या कोर्टाबाहेर चिंचेखाली चटई टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. त्याआधी सतरा वर्षं मी जन्ममृत्यूच्या नोंदी लिहीत असे. सन १८७८ पासून सहा वर्षं कल्याणात आणि मग अकरा वर्षं ठाण्यात. कचेऱ्यांची नावं घेत नाही. त्यांनी माझं काही वाईट केलं नाही, आणि मी जे केलं ते त्यांनी मला शिकवलं नव्हतं. ते मी आपलं आपणच शिकलो.

जन्माच्या नोंदीत डोकं लागत नाही. मूल झालं, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, संपलं. मृत्यूच्या नोंदीत मात्र शेवटी एक कारण लागतं, आणि कारणाला सरकारने रकाने आखून दिले होते. पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात, आणि सगळ्यात शेवटी इतर. 'इतर'मध्ये आकडा घातला की शेऱ्याच्या रकान्यात खुलासा लिहावा लागे. खुलासा लिहिला की वरून प्रश्न येई, आणि प्रश्न आला की उत्तर द्यावं लागे. त्यामुळे माझ्या कारकिर्दीत 'इतर' कारणाने फारसं कोणी मेलं नाही. दरसाल साहेब तपासणीला यायचे, रजिस्टरचं पान खिडकीकडे धरून अक्षराकडे बघायचे, 'ठीक' म्हणायचे आणि सही करायचे. मोडीतला मजकूर त्यांना वाचता येत नव्हता. पण अक्षर चांगलं आहे हे कळायला वाचता यावं लागत नाही, असं म्हणून मी खूश व्हायचो.

क्षयाला रकाना नव्हता. क्षयाने माणसं मात्र मरत होती, आणि त्यांचे बाप, भाऊ, नवरे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत होते. ते काय म्हणणार हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळायचं. घरात क्षय आहे अशी बोलवा झाली की त्या घरात कोणी मुलगी देत नाही आणि त्या घरची कोणी करत नाही. चार मुली लग्नाच्या असल्या तर चारही घरात राहतात. म्हणून ते खाली बघून म्हणायचे, तापच होता हो, बारीक ताप, उतरतच नव्हता. ताप तर खरंच असायचा. क्षयाच्या माणसाला संध्याकाळी ताप येतो हे कोणीही वैद्य सांगेल. मग मी ताप लिहायचो. लाच मी कधी घेतली नाही. स्तुती मात्र कोणी दिली तर परत करत नसे.

तरी मनाला थोडं टोचायचं. ते टोचू नये म्हणून मी एक युक्ती काढली होती. ज्याला मी क्षय ठाऊक असून ताप लिहीत असे, त्याच्या नावाशेजारी समासात बोरूच्या टोकाने एक बारीक ठिपका ठेवायचा. इतका बारीक, की माहीत नसलेल्याला दिसू नये. ठिपका ठेवला की मला वाटे, आपण खरं लिहिलं आहे. फक्त जरा लहान लिहिलं आहे. त्याच सुमारास जर्मनीतल्या कोणा डॉक्टरने क्षयाचा जंतू शोधून काढल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं. तो म्हणे साध्या डोळ्यांना दिसतच नाही. मी कुटुंबाला म्हटलं, माझा ठिपका निदान दिसतो तरी. ती म्हणाली, मासळी आणायला जाताय की जर्मनीला.

या सगळ्यात मला उलटून बोललेली एकच बाई आठवते. ठाण्यात आल्यावर पहिल्याच वर्षी कोपरीची बिट्रिस म्हणून एक किरिस्ताव बाई नवऱ्याच्या मरणाची खबर द्यायला आली. भाताची शेती करणारी, कासोटा घातलेली, उन्हातून चालत आलेली. मी सवयीने तापाच्या रकान्याकडे बोरू नेला. तिला वाचता येत नव्हतं, पण ती विचारून घेणारी होती. काय लिवतंस, म्हणाली. मी म्हटलं ताप.

"ताप नव्हता त्याला. खोकून खोकून गेला, रगत पडत व्हता. तसाच लिव. खोटा लिवशील तं दुसरा कोन सावध व्हनार?"

मी तिला रकान्यांची अडचण समजावून सांगितली. सरकारचे रकाने सहाच आहेत, बाई, त्यात तुझ्या नवऱ्याला बसवायचं आहे. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती उन्हात चालू लागली. मी ताप लिहिला आणि शेजारी ठिपका ठेवला. तिला लग्नाच्या मुलीही नव्हत्या. ती गेल्यावर मी शेजारच्या कारकुनाला म्हणालो की या लोकांना अब्रूची काही पर्वाच नसते. हे मी म्हणालो होतो, हे लिहून ठेवतो.

तर असा मी, आणि मला रतन नावाची एक मुलगी होती.

रतन अकरा वर्षांची झाली तशी घरात तिच्या लग्नाची चर्चा सुरू झाली. लोक पत्रिका बघतात, घरदार बघतात. मी त्याहून हुशार. मी ठरवलं, आधी रजिस्टर बघायचं. ज्या घरात मुलगी द्यायची त्या घरची मरणं आधी तपासायची. ही कल्पना मी इतक्या लोकांना ऐकवली, की शेजारपाजारचे लोक मुलीचं ठरवताना मला येऊन विचारू लागले. मी रजिस्टर उघडायचो, बोट फिरवायचो आणि सांगायचो, घर स्वच्छ आहे. ते शब्द उच्चारताना मी जरा मान वर करायचो, असं कुटुंब सांगते.

रतनसाठी कल्याणच्या परशुराम चिटणीसांच्या मुलाचं स्थळ आलं. आमच्याच जातीचे, भातशेतीचे धनी, तळ्याकाठी मोठं घर. मुलाचं नाव भाऊ, वय अठरा, इंग्रजी शाळेत जाणारा. परशुरामपंतांना मी चांगला ओळखत होतो. कल्याणात असताना त्यांनी मला एकदा सत्यनारायणाला बोलावून पहिल्या पंगतीत बसवलं होतं आणि चारचौघांत म्हणाले होते, हरिहरपंतांच्या हातचं अक्षर म्हणजे मोत्याचा सर. हा मान मी दहा वर्षं जपून ठेवला होता. मान कशाबद्दल मिळाला होता, ते मात्र विसरून गेलो होतो.

मुलगा बघायला गेलो. दिसायला गोरा, नाकीडोळी नीटस, अंगाने बारीक. वडिलांसमोर बोलताना सारखा घसा खाकरत होता. मी त्याला विनय समजलो.

मग माझ्या ठरलेल्या रिवाजाप्रमाणे मी कल्याणच्या जुन्या कचेरीत गेलो. माझ्या जागी आलेला कारकून माझ्याच हाताखाली शिकलेला होता. त्याने आदराने जुनी रजिस्टरं काढून दिली. चिटणीसांच्या घरातली तीन मरणं सापडली. परशुरामपंतांचा थोरला भाऊ, त्या भावाची बायको आणि परशुरामपंतांची थोरली मुलगी. तिन्ही नोंदी माझ्याच हातच्या, चार वर्षांच्या आत लिहिलेल्या. तिन्हींचं कारण ताप.

तुम्ही म्हणाल, स्वतःच लिहिलेलं याला आठवलं कसं नाही? कल्याणात मी सहा वर्षांत दोन हजार माणसं मारली, कागदावर. कोण कशाने गेलं ते डोक्यात ठेवावं लागू नये म्हणून तर रजिस्टर असतं. मी त्या पानांकडे बघत बसलो ते कारण वाचायला नव्हे. अक्षर बघत होतो. दहा वर्षांपूर्वी माझा हात काय चालायचा! समासात तिन्ही नावांशेजारी काळे बारीक ठिपके होते. मी एकावरून नख फिरवलं, तो निघाला नाही. पानं उलटत गेलो तर ठिकठिकाणी तसेच ठिपके. मला वाटलं, त्या वर्षांत कल्याणात माशा फार झालेल्या असणार. ठिपका ठेवायची सवय माझ्या हाताला होती, वाचायची डोळ्यांना कधीच नव्हती.

घरी येऊन मी कुटुंबाला सांगितलं, घर स्वच्छ आहे. पत्रिका जुळली, देणंघेणं ठरलं, वैशाखातला मुहूर्त निघाला.

लग्न ठाण्यात आमच्या दारी व्हायचं होतं. पंगतींसाठी सरपण लागणार. त्या वेळी चांगलं लाकूड मुरबाडच्या रानातून कल्याणच्या वखारीत यायचं आणि तिथून होडीने ठाण्याच्या बंदरात उतरायचं. वखारीवरचा पंढरी माझ्या जुन्या ओळखीचा. स्मशानात लाकूड तोच पुरवायचा, आणि आठवड्यात किती प्रेतं जळली ते सांगायला दर शनिवारी माझ्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसायचा. त्याला लिहिता येत नव्हतं. प्रेतागणिक सुतळीला एक गाठ मारून ती सुतळी तो माझ्यापुढे धरायचा आणि मी गाठी मोजून घ्यायचो. त्या सुतळीला मी फार हसलेलो आहे.

चैत्रात एका सकाळी मी वखारीत गेलो. पंढरीने बसायला ओंडका दिला, गूळपाणी दिलं. घरी लग्न आहे म्हटल्यावर त्याला आनंद झाला. सुकं लाकूड बघून ठेवतो म्हणाला. मग त्याने विचारलं, सोयरे कुठले. मी मोठ्या ऐटीत नाव सांगितलं.

पंढरीने हातातली कुऱ्हाड खाली ठेवली. मला म्हणाला, पोर एकुलतीच का. मी हो म्हटलं.

"राव, मना लिवता येत नाय. पन लाकरा मीच मोजून देतो. भरल्या अंगाच्या मानसाला आठ मण लागतान. त्या घरची तिगंबी चार-चार मणान गेली. अंगावर मांसच नव्हता."

मी म्हटलं, पंढरी, तिघंही तापाने गेली. मी परवाच रजिस्टर बघून आलो.

"तुमच्या बुकान काय हाय ते तुमाला ठाव," तो म्हणाला. "तापान मानूस इतका सुकत नाय."

तेव्हा मला ते ठिपके आठवले.

आठवले ते एकदम सगळे आठवले. परशुरामपंत टेबलाशी उभे होते ते, त्यांच्या धोतराच्या काठाचा रंग, भावाच्या वेळी खाली घातलेली मान, मुलीच्या वेळी फुटलेला आवाज. मागाहून आलेलं सत्यनारायणाचं बोलावणं. मोत्याचा सर. माझ्या एकुलत्या मुलीला मी कुठे ढकलत होतो! आणि ढकलणारा दुसरा कोणी असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. मला फसवायला माझ्याच हातचं अक्षर लागलं. दुसऱ्या कोणाच्या अक्षरावर मी इतका विश्वास ठेवलाच नसता.

सरपण न सांगताच मी परत आलो. वाटेत मनाशी ठरवलं की परशुरामपंतांना तोंडावर खरं सांगायचं. घर येईपर्यंत ते धैर्य पार ओसरलं. खरं सांगायचं तर ते म्हणणार, रजिस्टर दाखवा. रजिस्टर दाखवायचं तर म्हणावं लागणार की ते खोटं आहे. खोटं कोणी लिहिलं? नोकरी गेली, अब्रू गेली आणि ठाण्यातल्या ज्या ज्या लोकांना मी घर स्वच्छ आहे म्हणून सांगितलं होतं ते सगळे दारात उभे.

म्हणून मी दुसरी वाट काढली. चिटणीसांना लिहिलं की मुलीची जन्मवेळ पत्रिकेत चुकीची पडली होती. खरी वेळ दोन घटका आधीची आहे, आणि त्या वेळेने बघता मृत्युषडाष्टक येतं. तरी आमचा नाइलाज आहे. जोशीबुवांना ती वेळ मीच सांगितली, आणि कुटुंबालाही हेच सांगितलं. ती दोन दिवस रडली. तिला रतनच्या जन्माची घटका पक्की ठाऊक होती, पण नवरा सांगतो म्हटल्यावर तिला वाटलं आपलंच चुकलं असेल. इतके दिवस मी लोकांची मरणं बदलत होतो. आता घरच्या पोरीचा जन्मही बदलून टाकला. आणि लाजिरवाणी गोष्ट ही, की पत्र पाठवल्यावर मला आपल्या हुशारीचा अभिमान वाटला होता. कोणाची निंदा नाही, कोणाचं नुकसान नाही, मुलगी सुटली.

मुलगी सुटली होती हे खरं आहे. पुढल्याच वर्षी रतनचं पेणला लग्न झालं. माणसं धडधाकट, सगळी आठ मणांची. हे मी रजिस्टरात बघितलं नाही, पंगतीत बसलेली डोळ्यांनी बघितली.

पण त्याआधी एक गोष्ट झाली.

आमच्या शेजारी त्रिंबकराव गुप्ते राहतात. शाळामास्तर, सरळ मनाचा माणूस. त्यांना दोन मुली. थोरली आवडी रतनच्याच वयाची, आणि दोघी एकमेकींवाचून जेवत नसत. चिटणीसांचं स्थळ आमच्याकडून सुटलं ते त्यांच्याकडे गेलं. मुहूर्त काढलेला होता, मुलगा तयार होता, आणि आवडीची पत्रिका छान जुळत होती. त्रिंबकराव एका सकाळी आमच्या दोन घरांमधल्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मी तोंड धूत होतो. त्यांनी फार संकोचाने विचारलं.

"हरिहरपंत, तुमचं फिसकटलं ते पत्रिकेवरूनच ना? की घरात काही आहे?"

खरं तेव्हा माझ्या तोंडात होतं. चुळीच्या पाण्याबरोबर मी तेही थुंकून टाकलं असावं.

"पत्रिकेवरूनच," मी म्हणालो. "घर स्वच्छ आहे. रजिस्टर मी स्वतः पाहिलंय."

त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी माझे आभार मानले. मी त्या वेळी मनाला काय काय समजावलं त्याची यादी देत नाही. भाऊला काही झालेलं नाही, आणि तीन मरणं जुनी आहेत, एवढं तर मी स्वतःला पटवलंच. खरं कारण वेगळं होतं. माझं रजिस्टर खोटं आहे हे शब्द मला माझ्या तोंडाने म्हणवत नव्हते. आवडीला मी लहानपणापासून खांद्यावर घेतलेलं होतं. तरीही म्हणवले नाहीत.

वैशाखात आवडीचं लग्न झालं. मी पंगतीत वाढायला होतो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी भाऊ गेला. कल्याणच्या रजिस्टरात त्याचं कारण काय पडलं ते मी बघायला गेलो नाही. तिथला कारकून माझ्याच हाताखाली शिकला होता. आवडी विधवा होऊन माहेरी आली ती खोकत आली. मागच्या पडवीत तिला अंथरूण घालून दिलं होतं. आमच्या न्हाणीतून तिचा खोकला ऐकू यायचा. मी पाणी जोरात ओतायचो. वैद्य झाले, दवाखाना झाला, बकरीचं दूध झालं, आणि १८९५ च्या मार्गशीर्षात ती गेली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. स्मशानात मी सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. लाकडं किती घेतली आहेत तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलंच.

तिसऱ्या दिवशी त्रिंबकराव कचेरीत खबर द्यायला आले. त्यांनी नाव सांगितलं, वय सांगितलं. मी लिहीत गेलो. कारणापाशी आलो तसा मी बोरू दौतीत बुडवला आणि तसाच धरून बसलो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले:

"ताप लिहा. धाकटी आहे अजून."

सतरा वर्षांत हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. माझा हात आपोआप तापाच्या रकान्याकडे गेला. तिथे एकचा आकडा घालायचा, समासात ठिपका ठेवायचा, झालं. पण मला एकाएकी ती कोपरीची बिट्रिस आठवली, दुसरा कोण सावध होणार म्हणणारी. मी तिला उत्तर म्हणून रकाने दाखवले होते. त्यानंतर दुसरं कोण सावध होणार होतं ते आता कळलं होतं. ते पडवीत खोकून खोकून गेलं होतं.

नुसतं क्षय लिहावं तर धाकटीचा गळा कापल्यासारखं होणार. स्वतःच्या मुलीच्या वेळी मी लपवलं, आणि खरेपणा दाखवायला पुन्हा गुप्त्यांचीच मुलगी निवडली असं झालं असतं. ताप लिहावं तर धाकटी सुटेल, पण परशुरामपंतांचा दुसरा मुलगा लग्नाचा झाला होता. मी बराच वेळ बसलो असलो पाहिजे, कारण दौतीतून काढलेला बोरू सुकला होता. मी तो पुन्हा बुडवला, 'इतर'मध्ये एकचा आकडा घातला, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:

'रोग क्षय. सासरी कल्याण येथे परशुराम चिटणीस यांचे घरी लागला. माहेरच्या घरात हा रोग कधीही नव्हता. सदर सासरचे पूर्वीचे तीन मृत्यू मी कल्याणास असता ताप म्हणून लिहिले, ते खोटे. मयताचे लग्न ठरण्यापूर्वी मला हे ठाऊक होते. मुलीच्या बापाने विचारले असता मी सांगितले नाही. हरिहर टिपणीस.'

रकाना लहान पडला. शेवटच्या दोन ओळी आडव्या, समासात लिहाव्या लागल्या, जिथे मी ठिपके ठेवायचो तिथे.

त्रिंबकराव मास्तर. समोरून उलटं वाचायची त्यांना सवय. मी लिहीत होतो तसे ते वाचत होते, हे मला शेवटची ओळ लिहिताना कळलं. मी मान वर केली नाही. ते मला मारतील असं वाटलं, आणि त्यांनी मारावं असंही वाटलं. मग त्यांचा आवाज आला.

"वाळू टाका. शाई पसरेल."

मी वाळू टाकली. त्यांनी उपरणं खांद्यावर घेतलं आणि ते निघून गेले. त्यानंतर आजपर्यंत ते माझ्याशी बोललेले नाहीत.

महिन्याच्या शेवटी 'इतर'चा आकडा वर गेला. वरून खुलासा मागवला गेला. शेऱ्याचं कोणीतरी इंग्रजी करून साहेबांपुढे ठेवलं. सतरा वर्षांत माझी एवढी एकच नोंद कोणी वाचली, आणि ती वाचल्यावर मला कामावरून काढलं. मी निघताना साहेबांनी मला एवढंच विचारलं की असे आणखी किती. मी म्हटलं, समासातले ठिपके मोजावे लागतील. त्यांना वाटलं मी थट्टा करतो आहे. ते कोणी मोजल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. पुढच्याच हिवाळ्यात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला, माणसं एका दिवसात मरू लागली, आणि वर्ष-वर्ष खोकत मरणाऱ्यांची आठवण कोणाला राहिली नाही. परशुरामपंतांचं एक पत्र आलं. त्यात माझ्या अक्षराची स्तुती नव्हती.

गुप्त्यांच्या धाकटीचं मात्र जमलं. बघायला आलेल्यांनी चौकशी केली तेव्हा कचेरीतल्या लोकांनी तो शेरा वाचून दाखवला म्हणे, की माहेरच्या घरात रोग कधी नव्हता. लग्नाचं बोलावणं आम्हाला आलं नाही. कुटुंब मागच्या दारातून सनई ऐकत उभी होती. मी चिंचेखाली अर्ज लिहीत होतो.

इथे मी थांबणार होतो. वाचणाऱ्याला वाटलं असतं की टिपणीस शेवटी सुधारला, नोकरी गेली पण खरं बोलला. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. गेल्या श्रावणात रतन पेणहून माहेरपणाला आली. तिला आवडी गेल्याचं कळलं होतं, पण शेऱ्याचं माहीत नव्हतं. ते तिला गावात कोणीतरी सांगितलं. ती दुपारी वाल सोलत बसली होती, मी ओटीवर होतो. ती आतूनच म्हणाली:

"बाबा, म्हणजे माझ्या वेळी तुम्हाला कळलं होतं."

मी हो म्हटलं.

"आईला सांगितलं नाहीत?"

मी म्हटलं, कोणालाच नाही.

वाल सोलल्याचा आवाज थांबला. मला वाटलं ती रडत असेल. बघायला गेलो तर रडत नव्हती. ती मागच्या दाराकडे बघत होती.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मी आवडीला सांगितलं असतं. आम्ही एकमेकींना सगळं सांगायचो."

मागच्या दारातून कुंपण दिसतं. शेराच्या झुडपांचं आहे, माझ्या कमरेइतकं उंच. त्या दोघी लहानपणी त्यावरून सागरगोटे एकमेकींकडे टाकायच्या, आणि त्रिंबकरावांनी मला विचारलं तेही तिथेच उभं राहून.